सुई, दोरा आणि ॲडव्हान्स

हाताच्या भरतकामाच्या धंद्यात सुईला फारसं काम नसतं. भरतकाम शिकून घरबसल्या चार पैसे मिळवायला निघालेल्या मुलींनी हे आधीच ऐकून ठेवावं. सकाळी उठल्यापासून फोनवरच्या चौकशांना उत्तरं देणं, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फोटोतला रंग नक्की कोणता यावर घरातल्यांची मतं घेणं, कापड भिजवून, वाळवून त्याला इस्त्री करणं, कुरिअरवाल्याला 'गणपतीच्या देवळावरून डावीकडे' हे तिसऱ्यांदा सांगणं आणि 'एवढे कसे हो?' या प्रश्नाला दर वेळी नव्याने, हसऱ्या चेहऱ्याने सामोरं जाणं, यात दिवस संपतो. मग उरलेल्या वेळात टाके घालायचे. उरलेला वेळ म्हणजे रात्र. आमच्या आजीच्या काळी दिवेलागणीनंतर सुई कुणाच्या हातात देत नसत, घरात भांडणं होतात म्हणून. माझ्या घरी रात्री अकराला दिवाणखान्याचा दिवा चालू ठेवण्यावरून जी भांडणं होतात ती पाहता आजीचं काही चुकत नव्हतं.

मी डोंबिवलीला राहते आणि आमच्या दोन खोल्यांपैकी एकीच्या एका कोपऱ्यात हा व्यवसाय करते. बारशाची झबली, मुंजीतल्या बटूची झोळी, लग्नाचा शेला, अंतरपाट, नवरीच्या ब्लाउजची पाठ, संक्रांतीच्या वाणाचे बटवे. माणसाच्या आयुष्यात जेवढे म्हणून आनंदाचे प्रसंग येतात, त्या सगळ्यांच्या आदल्या रात्री मी जागी असते. सरकारदरबारी मी 'सूक्ष्म उद्योग' आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे ज्याची यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत, तो सूक्ष्म उद्योग. माझी यंत्रसामग्री म्हणजे सहा-सात रिंगा, दोन कात्र्या, सुयांची पाकिटं आणि चाळिशीनंतर घेतलेलं एक भिंग. दहा कोटींना सूक्ष्म म्हणणाऱ्या सरकारला माझा उद्योग बघायचा तर हे भिंग द्यावं लागेल.

इतर धंदे भांडवलातून सुरू होतात, भरतकामाचा कौतुकातून. नणंदेच्या मुलीसाठी हौसेने एक झबलं भरावं, ते बारशात हातोहात फिरावं आणि प्रत्येकीने म्हणावं, ''अगं, तू हे विकायला काढ!'' असं म्हणणाऱ्या बायका प्रत्येक समारंभात रांगेने भेटतात. ''मी विकत घेते'' म्हणणारी त्यांत एकही नसते. हा फरक लक्षात येईपर्यंत आपण दोऱ्यांच्या लडी पेटीभर आणून ठेवलेल्या असतात.

मग किंमत ठरवायची वेळ येते. इथे सुईचंच एक वैशिष्ट्य सांगते. सुईचा नंबर जसा वाढत जातो तशी सुई बारीक होत जाते. या धंद्याचं सगळं गणित तसंच उलटं आहे. काम जितकं बारीक तितका वेळ जास्त, आणि जितकं बारीक तितकं ते गिऱ्हाइकाला 'एवढुसं' दिसतं. दोऱ्याच्या एका लडीत सहा पदर असतात. त्यातला एकच पदर काढून नथीचा मोती भरायला बसलं की दुपार जाते. त्याउलट सहाच्या सहा पदर घेऊन साखळी टाक्याने मोठ्ठं कमळ काढलं तर ते तासाभरात होतं आणि लोक म्हणतात, ''बापरे, केवढी मेहनत!'' शहाण्या बाईने कमळं विकावीत. मला नथी आवडतात.

माझ्या भाच्याने व्यवस्थापनाची पदवी घेतली आहे. तो एका रविवारी लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, ''मावशी, तू तुझा वेळच धरत नाहीस. आपण ताशी दर काढू.'' त्याने कापड, दोरा, रिंग, वीज, पॅकिंग, कुरिअर असे रकाने केले. त्यात त्याने 'संभाषण' असाही एक रकाना केला, कारण एका अंतरपाटासाठी मुलाची आई, मुलीची आई आणि दोघांच्या मध्ये पडलेली एक आत्या यांच्याशी मी किती बोलते हे त्याने समोर बसून ऐकलं होतं. शेवटी उत्तर आलं. त्याने ते मला दाखवलं नाही. नुसता लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, ''मावशी, चहा टाकतेस का?'' उत्तर मीच नंतर पाहिलं आणि आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींना सहज विचारलं की त्यांना तासाचे किती पडतात. त्यांनी हिशेब सांगितला, मग माझा विचारला. ऐकून थोडा वेळ गप्प राहिल्या. जाताना म्हणाल्या, ''ताई, समोरच्या बिल्डिंगीत दोन कामं सुटलीत. तुमच्यासाठी शब्द टाकू का?''

गिऱ्हाइकांचे काही ठरावीक प्रकार असतात. पहिला प्रकार 'घरच्या घरी तर करता' यांचा. यांच्या मते घरात केलेल्या कामाला खर्च नसतो. दुकानातल्या ट्यूबलाइटला बिल येतं, घरातली देवाच्या कृपेने जळते. दुसरा प्रकार 'मीसुद्धा केलं असतं, पण वेळ नाही' यांचा. यांना शाळेत शिवणाचा तास असे, एका पांढऱ्या कापडावर धावदोरा, साखळी, काज, गाठीचा टाका असे सगळे नमुने त्यांनी घातलेले असतात आणि बाईंनी त्यावर 'उत्तम' लिहिलेलं असतं. त्या माझ्याकडून काम करून घेत नाहीत, माझ्याकडे ते सोपवतात. तिसरा प्रकार फोटोवाल्यांचा. एखाद्या परदेशी कलाकाराने महिनोन्महिने खपून केलेल्या कामाचा फोटो पाठवून त्या लिहितात, ''सेम टू सेम हवं, फक्त जरा वेगळं.'' चौथा प्रकार नातेवाइकांचा. ते पैशांचा विषयच काढत नाहीत. ''तुझ्या हातचं काहीतरी असू दे, बाकी काही नको,'' एवढंच म्हणतात. हे वाक्य ऐकायला फार गोड आहे आणि मला वर्षाला सर्वांत महाग पडतं.

पण सगळ्यांत धोकादायक प्रकार म्हणजे 'काही घाई नाही हं, सावकाश करा' असं म्हणणारी बाई. घाई असलेल्या बाईची तारीख तरी कळते. सावकाशवाली ब्लाउजपीस देऊन अदृश्य होते. आपण ते पिशवीत घालून तळाशी ठेवतो. त्यानंतर एका सकाळी साडेआठला तिचा फोन येतो, ''झालं ना? आज ग्रहमख आहे.'' मागून सनईची रेकॉर्ड ऐकू येत असते.

नवरीच्या ब्लाउजचं तर स्वतंत्र शास्त्र आहे. हल्ली साडीपेक्षा ब्लाउज महाग असतो आणि ब्लाउजपेक्षा त्याची पाठ. पाठीवर मोर, पालखी, कमळ, कधी खुद्द नवरा-नवरी सप्तपदी चालताना. हे बहुतेक आरीचं काम. आरी ही मूळची कातडं टोचायची. कच्छमधल्या मोची कारागिरांनी ती कापडावर चालवली, त्यातून त्यांचं प्रसिद्ध भरतकाम उभं राहिलं आणि फिरत फिरत ती डोंबिवलीच्या क्लासांत आली. यात अडचण अशी की भरतकाम आधी होतं आणि शिलाई नंतर. मधल्या काळात नवरी डाएट करते. ती दोन इंच कमी झाली की टेलर ते दोन इंच बाजूच्या शिलाईत घेतो आणि माझ्या मोराची मान त्यात जाते. लग्नाच्या फोटोत तो बिनमानेचा मोर पिसारा फुलवून उभा असतो आणि लोक विचारतात, ''कुणाकडून केलंस गं?'' टेलरचं नाव कुणी विचारत नाही.

हे झालं पैशांचं. आता विश्वासाचं. काम जरा सफाईदार झालं की गिऱ्हाईक कापड डोळ्यांजवळ नेऊन विचारतं, ''हे हाताचंच ना? मशीनचं वाटतंय.'' आणि एखादी पाकळी किंचित मोठी झाली की तेच गिऱ्हाईक म्हणतं, ''हाताचं आहे ना, म्हणून वाकडं आलंय.'' म्हणजे नीट आलं तर श्रेय मशीनला आणि वाकडं आलं तर हाताला. यावर मी एक उपाय काढला आहे. प्रत्येक नक्षीत एक पान मुद्दाम जरा तिरकं काढते. ते माझं प्रमाणपत्र. चौकस गिऱ्हाइकाला ते पान दिसतं, त्याचा जीव भांड्यात पडतो आणि पैसे निमूटपणे बाहेर येतात. सरळ पानापेक्षा हे तिरकं पान काढायला जास्त कौशल्य लागतं, पण तेवढं कौतुक कुठून मागायचं?

भरतकामाचं मशीन काढणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात राग असायला हवा, पण इथेही घोटाळा आहे. जोशुआ हाइलमान या गृहस्थाने १८२८ मध्ये फ्रान्समधल्या मुलूझ गावी हे यंत्र बनवलं. आणि ज्या डीएमसी कंपनीच्या ५०० छटांच्या दोऱ्यांवर जगभरच्या हाताने भरणाऱ्या बायका जीव टाकतात, तीही मूळची मुलूझचीच, १७४६ सालची. इकडे पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा कारभार चालू होता, तेव्हा तिकडे ही कंपनी सुरू झाली. हाताला दोरा पुरवणारं गाव आणि हाताचा धंदा घालवणारं गाव एकच. अशी गावं आपल्याकडेही आहेत, पण तिथल्या लोकांना निदान एकाच पक्षात राहायची सवय असते.

या ५०० छटा मराठी माणसाला पोहोचवणं हे वेगळंच काम. कंपनीचे रंग आकड्यांत असतात, गिऱ्हाइकाचे स्वयंपाकघरात आणि बागेत. आमसुली, श्रीखंडी, डाळिंबी, कोनफळी, गुलबक्षी, अबोली, मेंदी, मोतिया. ''राणी हवा, पण जरा शांत राणी,'' अशी मागणी माझ्याकडे आलेली आहे. ''चिंतामणी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या पैठणीतला हो, दुकानातला नको,'' अशीही आलेली आहे. सासूबाई नागपूरला, पैठणी बँकेच्या लॉकरमध्ये. मग फोटो येतो. तो रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेला असल्यामुळे चिंतामणी त्यात शेवाळी दिसतो. मी उत्तरादाखल माझ्या दोऱ्याचा फोटो पाठवते, तो तिच्या फोनवर आणखी तिसराच दिसतो. असं करत करत आम्ही दोघी एका रंगावर येतो, जो दोघींनाही नको असतो.

माझ्या नवऱ्याला तीन रंग ओळखता येतात: लाल, निळा आणि 'तो दुसरा'. त्याचं ऑफिस फोर्टात असल्यामुळे क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्या आणि भुलेश्वर इथली खरेदी त्याच्याकडे आहे. म्हणून मी त्याला रंगाचं नाव सांगतच नाही, कागदावर नंबर लिहून देते. आषाढीच्या आधी एकदा विठ्ठलाचं काम आलं होतं. डीएमसीचा काळा म्हणजे ३१०. तो ३०१ घेऊन आला. ३०१ हा तांबूस तपकिरी. मी म्हटलं, ''अरे, विठ्ठल काळा असतो!'' तो बूट काढता काढता म्हणाला, ''एवढे दिवस उन्हात उभा होता, आता घरात आलाय, उजळेल थोडा.'' दुसऱ्या दिवशी त्याला परत पाठवलं. तेव्हापासून तो कागदावरचा नंबर दुकानदाराला नुसता दाखवतो, वाचून दाखवत नाही.

मंगळदास मार्केटमध्ये कापड आणायला मात्र मीच जाते. त्याच्यावर कापड सोपवलं तर तो 'पांढरं' आणेल, आणि पांढऱ्या कापडाचे प्रकार त्याला माहीत नाहीत हे पाहून दुकानदार जे द्यायचं ते देईल. परतताना दुपारच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की मी लेडीज डब्यात रिंग काढते. हा माझा निरुपाय आहे, कारण एरवी वेळ नसतो. पण लेडीज डब्यात रिंग काढणं म्हणजे जाहीर सभा बोलावणं. दादरला चढलेली बाई म्हणते, ''गाठ सैल सोडलीत.'' कुर्ल्याची म्हणते, ''आमच्याकडे हा टाका उलटा घालतात.'' टिकल्या विकणारी मुलगी धंदा थांबवून बघत उभी राहते आणि तिला मात्र काम आवडतं. घाटकोपरला कुणीतरी विचारतं, ''विकता का?'' मी होय म्हणते. ''केवढ्याला?'' मी सांगते. ठाण्यापर्यंत डब्यात शांतता.

आता येते उलट बाजू. भरतकामातल्या जाणकार बाईला ओळखायची खूण एकच. ती कापड हातात घेते, वरची बाजू पाहतसुद्धा नाही, थेट उलटते. मागचे लोंबते दोरे, गाठी, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मारलेल्या उड्या, सगळं तिला दिसतं. मग ती 'हं' करते. या 'हं'मध्ये आपलं शिक्षण, संस्कार आणि माहेर सगळं येतं. पंजाबात फुलकारी भरणाऱ्या बायकांनी या तपासणीला चांगलं उत्तर दिलं आहे. त्या कापडाच्या उलट्या बाजूनेच, धागे मोजत भरतात. तपासायला येणारीने कुठली बाजू उलटायची? आणि धारवाडच्या कशिद्याने तर प्रश्नच मिटवला. आपल्याकडे कोल्हापूर-सोलापूरच्या बायकांनी इरकलीवर तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे: गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन. त्यात गाठ मारायची नाही असा दंडक आहे, आणि त्यातला 'गवंती' हा टाका एकदा पुढे जाऊन त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना तो अगदी सारखा दिसतो. कुणाही आत्याबाईंनी हवं तेवढं उलटावं.

ही विद्या मला धंद्यात कामाला आली ती अंतरपाटामुळे. अंतरपाट ही मोठी विलक्षण वस्तू आहे. लग्नाच्या सगळ्या कापडांत हे सर्वांत कमी वेळ वापरलं जातं आणि त्यालाच उलट बाजू परवडत नाही. एका अंगाला नवरा उभा, दुसऱ्या अंगाला नवरी. मधोमध कापडावर मोठ्या अक्षरांत 'शुभमंगल' आणि खाली दोघांची नावं. ती एका पक्षाला सरळ दिसतात, दुसऱ्या पक्षाला उलटी. मंगलाष्टकं चालू असताना अक्षता हातात घेऊन मुलीचे काका विचारतात, ''आमच्या बाजूला आरसा का लावलाय?'' मुलाकडचे आधीच ऐटीत असतात, त्यांना आणखी निमित्त मिळतं. 'दोन्ही बाजूंना सरळ हवं' अशी मागणी मग मुलीकडून येते आणि ती अगदी रास्त आहे. गवंतीने वेलबुट्टी दोन्हीकडे सारखी येते, पण अक्षरांचं तसं होत नाही. त्यावर उपाय एकच. दोन वेगळी कापडं भरायची आणि पाठीला पाठ लावून शिवायची. म्हणजे दाम दुप्पट. हे सांगितलं की दोन्ही पक्षांची एकदम सोयरीक जुळते आणि दोघेही म्हणतात, ''मग नावं राहू देत, नुसती स्वस्तिकं काढा.'' स्वस्तिकाची दिशा मागून उलटी दिसते, हे मी त्यांना सांगत नाही. लग्न आहे, सुखाने होऊ द्यावं.

नावांचा खरा त्रास बारशाला. बाळाचं नाव आत्याने कानात सांगेपर्यंत गुप्त ठेवायचं असतं. ते गुप्त असलं तरी झबल्यावर भरलेलं हवं असतं, म्हणून आत्याच्या आधी ते मला कळतं. डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातल्या कितीतरी बाळांची नावं मला त्यांच्या आजोबांच्या आधी माहीत होती. हे गुपित मी कधीही फोडलेलं नाही. पण गुपित फुटण्यापेक्षा बदलण्याची भीती जास्त. बारशाच्या दोन दिवस आधी फोन येतो, ''त्याचं थोडं बदललंय.'' थोडं म्हणजे काय? तर ज्योतिषांनी आद्याक्षर 'व' सांगितलंय. किंवा मावसबहिणीच्या दिराच्या मुलाचं तेच निघालं. किंवा आजोबा मराठीचे निवृत्त शिक्षक, त्यांना वेलांटी पहिली हवी, आणि जन्मदाखल्यावर दुसरी आहे. मग मी उसवायला बसते. टाके घालण्यापेक्षा उसवणं अवघड असतं, कारण कापडाला भोकं दिसू द्यायची नसतात. घातलेल्या टाक्यांचे पैसे लोक कुरकुरत का होईना देतात. उसवलेल्या टाक्यांचे कुणी देत नाही. ते दिसतच नाहीत ना!

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, मी मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनात स्टॉल लावते. तिथे माझ्या एका हाताला थालीपिठाची भाजणी, दुसऱ्या हाताला ऑक्सिडाइज्ड दागिने आणि समोर बटाटेवडा. गर्दी तुफान असते आणि ती समोर असते. लोक वडा खात माझ्या स्टॉलपाशी येतात, तेलकट बोटाने शेल्याला हात लावून 'छान आहे हं' म्हणतात आणि दुसरा वडा घ्यायला जातात. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की स्टॉलवाल्या एकमेकींकडे खरेदी करतात. मी भाजणी घेते, भाजणीवाली कानातलं घेते, कानातलंवाली माझ्याकडून बटवा घेते. संध्याकाळी हिशेब केला तर प्रत्येकीची विक्री झालेली असते, प्रत्येकीकडे पैसे तेवढेच असतात आणि आयोजकांना सगळ्यांचं भाडं मिळालेलं असतं. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते भाच्याला विचारलं. तो पुन्हा चहा मागू लागला.

या सगळ्याचा विचार करताना मला बायोच्या त्या जगप्रसिद्ध पटाची आठवण येते. फ्रान्समधलं हे अकराव्या शतकातलं भरतकाम जवळजवळ ७० मीटर लांब आहे. लिननवर लोकरीच्या धाग्यांनी १०६६ सालच्या इंग्लंडवरच्या स्वारीची अख्खी गोष्ट भरलेली आहे. घोडे, जहाजं, लढाया, मेजवान्या, आकाशातला धूमकेतू, काही म्हणून सोडलेलं नाही. हे काम जिंकणाऱ्या विल्यमचा सावत्र भाऊ, बिशप ओडो याने करवून घेतलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ओडो स्वतः त्यात आहे, नावानिशी आहे. भरणाऱ्या हातांपैकी एकाचंही नाव त्यावर नाही. गिऱ्हाइकाने आपलं नाव घालून घेतलं, कारागिराचं राहिलं. हजार वर्षांत आमच्या धंद्यात काही म्हणजे काही बदललेलं नाही. आणखी एक गोष्ट. त्या पटाचा शेवटचा भाग सापडत नाही. इतिहासकार म्हणतात, तो हरवला असावा. मला वाटतं, बाकीचे पैसे आले नसावेत.

अगदी अलीकडचं उदाहरण आपल्या मुंबईचं. ३० मार्च २०२३ ला गेटवे ऑफ इंडियापाशी दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीचा मोठा शो झाला. कमानीपुढे एक अवाढव्य तोरण लावलं होतं, मुंबईच्याच चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टच्या कारागिरांनी हाताने भरलेलं. जगभरच्या मासिकांत फोटो आले. माझ्या गिऱ्हाइकांनीही ते मला हौसेने पाठवले. त्यातल्या एकीने खाली लिहिलं होतं, ''बघा, आपल्या भरतकामाला केवढा मान! माझ्या दाराचं तोरण जरा कमी करून द्या ना.'' मी तिला विचारलं, आकाराने की पैशाने? ती म्हणाली, ''आकार तोच राहू दे.''

मान द्यायला आपले लोक कधीच कमी करत नाहीत. 'बोटांत जादू आहे', 'सरस्वतीचा हात आहे', 'अन्नपूर्णा' वगैरे शब्द आपण बायकांच्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो. हे शब्द फुकट असतात म्हणून तर सढळ असतात. दाम मागितल्याबरोबर सरस्वतीचा हात एकदम 'घरचा' होतो आणि घरच्या हाताला मजुरी कसली द्यायची? टाके घालायला मला आईने शिकवलं, दोन वर्षांत जमलं. 'अडीच हजार होतील' हे वाक्य खाली न बघता, 'पण तुम्हाला परवडत नसेल तर' अशी पुस्ती न जोडता म्हणणं मला अजून पुरतं जमलेलं नाही. त्याचे क्लास कुणी काढले तर पहिली फी माझी.

तोवर निदान एवढं करा. गणपतीचं काम आषाढात द्या, दिवाळीचं नवरात्राआधी. 'घाई नाही' म्हणू नका, तारीख सांगा. निम्मे पैसे आधी द्या; तुमच्या मनात नसलं तरी द्या, कारण आधी पैसे दिलेलं गिऱ्हाईक नाव बदलताना दोनदा विचार करतं. नवरीला डाएट करायचंच असेल तर माप देण्याआधी करू द्या. काम हातात आल्यावर खुशाल उलटून बघा, त्याचे पैसे नाहीत. पण उसवून घेतलंत तर त्याचे वेगळे पडतील, आणि यापुढे ते बिलात लिहिलेले असतील.